चावी, परात, पगार : मराठीतील पोर्तुगीज शब्दांची पार्श्वभूमी

घराच्या बंद दाराकडे क्षणभर नीट पाहावे. ‘दार’ हा शब्द संस्कृत ‘द्वार’वरून आलेला आहे, त्याला लावलेले ‘कुलूप’ अरबी ‘कुफ्ल’पासून झालेले आहे, आणि ते कुलूप उघडणारी ‘चावी’ व दार पेलून धरणारी ‘बिजागरी’ हे दोन्ही शब्द पोर्तुगीज आहेत. त्यातही ‘चावी’ची गोष्ट विशेष आहे. आजच्या लिस्बनमध्ये या शब्दाचा आरंभ ‘श’ने होतो, पण सोळाव्या शतकात पोर्तुगीज माणूस तेथे स्पष्ट ‘च’ उच्चारत असे. पोर्तुगालच्या राजधानीत मागे पडलेला तो जुना उच्चार आपल्या तोंडी अजून टिकून आहे.

वास्को द गामा 1498 मध्ये कालिकतला पोहोचला, 1510 मध्ये अल्बुकर्कने गोवा घेतला, 1521 मध्ये चौलजवळ रेवदंड्याला पोर्तुगीजांचा किल्ला उभा राहू लागला आणि 1534 च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई व तिच्या भोवतालचा मुलूख त्यांच्याकडे आला. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकेपर्यंत, म्हणजे दोनशे वर्षांहून अधिक काळ, उत्तर कोकणातील माणसांचा या लोकांशी रोजचा संबंध होता. गोव्यात तर तो 1961 पर्यंत राहिला.

या संबंधाचे स्वरूप शब्दांवरूनच कळते. फारसीने मराठीला अर्ज, हुकूम, वसूल असे कचेरीचे शब्द दिले, आणि शिवाजी महाराजांच्या आज्ञेने रघुनाथ पंडितांनी तयार केलेल्या ‘राज्यव्यवहारकोशा’चा रोखही अशाच दरबारी शब्दांवर होता. पोर्तुगीज शब्द दरबारातून नव्हे, तर गलबतावरून, गोदीतून आणि स्वयंपाकघरातून आले. परात, बादली, पिंप, घमेले, फीत ही सगळी हाताळायच्या वस्तूंची नावे आहेत. ती शिकण्यासाठी कोणाला पोर्तुगीज भाषा यावी लागली नाही. वस्तू हातात आली आणि नाव तिच्यासोबत आले. जेथे सत्तेचा हात लागला तेथले शब्द मोजकेच आहेत, पण बोलके आहेत : ‘पगार’, ‘लिलाव’ आणि ‘तुरुंग’. यांपैकी ‘तुरुंग’ ज्या शब्दावरून आला त्याचा मूळ अर्थ झाडाचे खोड असा आहे. कैद्याचे पाय अडकवून ठेवण्याच्या लाकडी खोड्यालाही तोच शब्द होता, आणि तेथून तो बंदिशाळेला लागला.

सर्वांत मोठी भर मात्र शेतातून आणि ताटातून पडली. काजू, अननस, पपई ही अमेरिका खंडातील फळे पोर्तुगीज जहाजांतून आली आणि तेथील आदिवासींच्या भाषांतील नावे घेऊनच उतरली. ‘बटाटा’ हे कॅरिबियन बेटांवरील नाव मुळात रताळ्याचे होते, ते पुढे दुसऱ्याच कंदाला चिकटले. उत्तर भारताने या कंदाला कंदांसाठी आधीपासून वापरात असलेले ‘आलू’ हे नाव दिले. पश्चिम किनाऱ्याने मात्र पोर्तुगीज शब्द ठेवला. मिरचीचे नेमके उलट झाले. तीही त्याच मार्गाने आली, पण तिखटपणामुळे तिला आपल्या ‘मिऱ्या’च्या नात्यातले नाव मिळाले. वडापाव आपल्याला अगदी मुंबईचा वाटतो आणि तो आहेही. पण त्यातील बटाटा, पाव आणि शेजारची तळलेली मिरची या तिन्ही गोष्टी पोर्तुगीजांनी आणलेल्या आहेत. पायाने पीठ तुडवतात म्हणून ‘पाव’, ही व्युत्पत्ती पुष्कळांना खरी वाटते, पण ती खरी नाही. पोर्तुगीजमध्ये रोटीला ‘पांव’सारख्या सानुनासिक उच्चाराचा शब्द आहे, आणि गोव्यात तो पाव सकाळी सायकलवरून घरोघरी पोहोचवणाऱ्याला ‘पोदेर’ म्हणतात, तोही पोर्तुगीजच शब्द आहे.

या शब्दांचा पद्धतशीर शोध घेतला तो गोव्यातील आसगाव येथे जन्मलेल्या सेबास्तियांव रोदोल्फ दालगादो यांनी. 1913 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात आशियातील कितीतरी भाषांत शिरलेले पोर्तुगीज शब्द एकत्र मांडलेले आहेत. आपल्याकडे व्युत्पत्तीच्या चर्चेत त्यांचे नाव क्वचितच निघते, आणि याचे मला मनापासून वाईट वाटते.

देवघेव एकाच बाजूने झाली असेही नाही. रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लई गाव आहे. चौल आणि कोर्लई 1740 मध्ये मराठ्यांकडे आले, पोर्तुगीज अधिकारी निघून गेले, पण तेथील ख्रिस्ती वस्तीची पोर्तुगीजवरून तयार झालेली बोली आजही त्या गावात ऐकू येते. ती बोलणारे तिला ‘नौ लिंग’, म्हणजे ‘आमची भाषा’, म्हणतात. तिचे शब्द बहुतांशी पोर्तुगीज आहेत, पण वाक्य मराठीच्या वळणाने चालते आणि क्रियापद शेवटी येते.