लिबर्टी, तुलांबेन

इंडोनेशियातील बाली बेटाच्या ईशान्य किनाऱ्यावर, करंगासेम जिल्ह्यातील तुलांबेन गावासमोर बुडालेले अमेरिकी मालवाहू जहाज. उथळ पाणी, काठापासून हाकेच्या अंतरावरची जागा आणि ठिकठिकाणी उघडा पडलेला सांगाडा यांमुळे नवशिक्या पाणबुड्यांना बुडालेले जहाज पाहण्यासाठी जगात जी थोडी ठिकाणे सुचवली जातात, त्यांत याचे नाव बहुधा पहिल्या काही नावांत असते. जहाज सुमारे १२५ मी. लांब असून किनाऱ्याला समांतर, काळ्या वाळूच्या उतारावर एका कुशीवर पडले आहे. त्याचा सर्वांत वरचा भाग सुमारे ५ मी. खोलीवर, तर तळाकडचा भाग सुमारे ३० मी.वर आहे. यातली कोणती खोली नवशिक्याची आणि कोणती नाही, हे येथे जाणाऱ्याने आधी समजून घ्यावे. ‘सोपे ठिकाण’ हे जाहिरातीतले वर्णन पूर्ण जहाजाला लागू होत नाही.

जहाज १९१८ मध्ये अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात कर्नी येथे बांधले गेले. दुसऱ्या महायुद्धात घाऊक प्रमाणात बांधलेल्या ‘लिबर्टी’ वर्गाच्या जहाजांशी त्याचा संबंध नाही. त्या वर्गातले पहिले जहाज पाण्यात उतरले ते १९४१ मध्ये. तरी ही गल्लत सर्रास आढळते. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस ते अमेरिकी नौदलाकडे होते, पुढे व्यापारी वाहतुकीत गेले आणि दुसऱ्या महायुद्धात लष्कराच्या वाहतूक ताफ्यात आले. जानेवारी १९४२ मध्ये रेल्वेचे सुटे भाग व रबर घेऊन ते ऑस्ट्रेलियाहून फिलिपीन्सकडे निघाले होते. ११ जानेवारीला लोंबोक सामुद्रधुनीजवळ आय-१६६ या जपानी पाणबुडीचा टॉर्पेडो त्याला लागला. अमेरिकेची ‘पॉल जोन्स’ आणि नेदरलँड्सची ‘व्हान गेंट’ या विनाशिकांनी त्याला ओढत बालीच्या उत्तरेकडील सिंगराजा बंदराकडे नेण्याचा प्रयत्न केला. पण आत पाणी फार शिरले होते. म्हणून माल तरी वाचावा या हेतूने ते तुलांबेनच्या किनाऱ्यावर चढवण्यात आले.

पुढची एकवीस वर्षे जहाज पाण्यात नव्हतेच, किनाऱ्यावर होते. माल उतरवला गेला, कामाचे धातूचे भाग काढून नेले गेले. १९६३ मध्ये बालीतील आगुंग ज्वालामुखीचा मोठा उद्रेक झाला. त्यात हजाराहून अधिक माणसे दगावली. उद्रेकाच्या हादऱ्यांनी जहाज किनाऱ्यावरून घसरून समुद्रात गेले आणि मोडत, पसरत आजच्या जागी स्थिरावले. पाणबुड्यांना आज जी सोय मिळते ती या घटनाक्रमामुळेच. युद्धात तडक बुडालेले जहाज सहसा खोल पाण्यात, माल व इंधनासह आणि बंद कोठ्यांसह सापडते. हे मात्र आधी रिकामे झाले, मग फुटले आणि उथळ उतारावर विसावले.

येथे बोट लागत नाही. किनाऱ्यावरूनच चालत पाण्यात शिरायचे, ३०-४० मी. पोहायचे, की जहाजाचा मागचा भाग समोर येतो. अवघड असते ते पाण्यात शिरणेच. किनाऱ्यावर वाळू नाही, ज्वालामुखीतून आलेले गोल, काळे, पायाखाली सरकणारे गोटे आहेत. लाट असेल तर पाठीवरच्या सिलिंडरसह तोल जायला वेळ लागत नाही. म्हणून जाड तळव्याचे बूट घालावेत, सोबत्याचा हात धरावा, कमरेइतक्या पाण्यात पोहोचल्यावर मगच फिन (पायांत घालायचे पोहण्याचे पंख) चढवावेत आणि मुखवटा व श्वसननळी आधीपासून जागच्या जागी ठेवावी. सिलिंडर पाण्यापर्यंत वाहून नेण्याचे काम गावातील स्त्रिया करतात. जड सिलिंडर डोक्यावर घेऊन याच गोट्यांवरून त्या झपझप चालत जातात, तेव्हा नवशिक्याला आपली चाल पाहून लाज वाटल्याशिवाय राहत नाही.

खोलीचा हिशेब समजला तर जहाजाचा आराखडा आपोआप समजतो. दर १० मी.ला पाण्याचा दाब एका वातावरणाने (म्हणजे समुद्रसपाटीवरच्या हवेच्या दाबाइतका) वाढतो. त्यामुळे ३० मी.वर तीच हवा पृष्ठभागाच्या मानाने चौपट वेगाने संपते. शरीरात विरघळणाऱ्या नायट्रोजनमुळे मुक्कामाची मर्यादाही आक्रसते. पाणबुड्यांच्या एका प्रचलित तक्त्यानुसार पहिल्या बुडीत मधे सक्तीने न थांबता थेट वर येण्याची मुभा १८ मी.वर ५६ मिनिटे, तर ३० मी.वर अवघी २० मिनिटे असते. प्रमाणपत्र नसलेल्यांना प्रशिक्षकासोबत १२ मी.पर्यंत, पहिल्या पातळीचे प्रमाणपत्र असलेल्यांना १८ मी.पर्यंत जाता येते. ३० मी.साठी पुढचे प्रशिक्षण लागते. लिबर्टीचा वरचा निम्मा भाग या मर्यादांत आरामात बसतो आणि प्रवाळ व मासेही तेथेच जास्त आहेत, कारण प्रकाश तेथे पोहोचतो. खाली उतरण्याचा मोह होतो तो केवळ ‘संपूर्ण जहाज पाहिले’ असे म्हणता यावे म्हणून. तो टाळण्याजोगा आहे. उतार इतका सलग आहे की बोलता बोलता पाच-सात मीटर जास्त खाली गेल्याचे लक्षातही येत नाही, तेव्हा खोलीमापकावर नजर हवी.

दुसरा मोह आत शिरण्याचा. लिबर्टीचे पत्रे बऱ्याच ठिकाणी गळून पडले आहेत आणि काही कोठ्यांतून आरपार उजेड दिसतो. तरीही डोक्यावर छत आले की सरळ वर येण्याचा मार्ग बंद होतो, आणि स्कूबाची (सिलिंडरसह मारायच्या बुडीची) नवशिक्याला शिकवलेली सारी सुरक्षा त्या मार्गावरच उभी असते. फिनच्या एका फटक्याने उठणारा गाळ, गंजून धारदार झालेल्या कडा, लोंबणाऱ्या पट्ट्यांत अडकणारी नळी हे धोके उथळ पाण्यातही तेवढेच खरे आहेत. विशेष प्रशिक्षण नसणाऱ्याने बाहेरूनच पाहावे. तरंगण्यावर ताबा नसेल तर बाहेरूनही दोन हात लांब राहावे, कारण लोखंडावर वाढलेल्या मऊ प्रवाळांचे आणि समुद्रपंख्यांचे नुकसान हात-गुडघे टेकणाऱ्यांमुळेच होते.

येथील सर्वांत प्रसिद्ध रहिवासी म्हणजे डोक्यावर टेंगूळ असलेले मोठे पोपटमासे. त्यांचा थवा रात्री सांगाड्याच्या आडोशाला झोपतो आणि उजाडताच बाहेर पडतो. त्यासाठी पाणबुडे पहाटेच पाण्यात उतरतात. त्याचा दुसरा फायदा असा की दक्षिण बालीतून येणाऱ्या दिवसाच्या सहलींची गर्दी तोवर आलेली नसते. भोवतालच्या वाळूत शेपटी रोवून डोलणाऱ्या बारीक ईल माशांची अख्खी वसाहत आहे. जवळ गेले की त्या एकेक करून वाळूत गुडुप होतात. मोठे बराकुडा मासेही येथे नेहमी दिसतात. खोलीवर लाल रंग सर्वांत आधी नाहीसा होतो, म्हणून दिवसासुद्धा छोटी विजेरी जवळ असावी. राखाडी वाटणारी भिंत उजेड पडताच भडक तांबडी-केशरी निघते.

बाहेर येताना ५ मी.वर तीन मिनिटे थांबण्याची प्रथा येथे सहज पाळता येते, कारण त्याच खोलीवर उताराचे दगड आणि माशांची वर्दळ असते. शरीरात उरलेल्या नायट्रोजनचे उंचीवरच्या कमी दाबात बुडबुडे होऊ शकतात, म्हणून एकाहून अधिक बुड्या झाल्यास विमानप्रवासापूर्वी किमान १८ तास जाऊ द्यावेत. बालीत याच कारणासाठी डोंगरातल्या उंच रस्त्यांनी लगेच परतणेही टाळतात.

मराठी वाचकाला जवळचे उथळ जहाज म्हणजे गोव्यात ग्रांदे बेटाजवळील ‘सूझीज रेक’. तेथे पावसाळ्यात बुड्या बंद असतात आणि पाणीही बालीइतके नितळ नसते. मुद्दाम बुडवलेल्या जहाजांचा प्रकार वेगळा. तेल, तारा व घातक वस्तू काढून, भिंतींना मोठी भोके पाडून ती बुडवतात, म्हणजे पाणबुड्याला उजेड व वाट दोन्ही मिळते. लिबर्टीच्या बाबतीत हेच काम भंगार काढणाऱ्यांनी, ज्वालामुखीने आणि गंजाने मिळून केले. भारतीय नौदलातून १२ जानेवारी २०२४ रोजी निवृत्त झालेले ‘गुलदार’ हे जहाज सिंधुदुर्गात निवती खडकांजवळ अशाच पद्धतीने बुडवण्याच्या योजनेसाठी २०२५ मध्ये महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाकडे सोपवण्यात आले. लांबीला ते सुमारे ८४ मी., म्हणजे लिबर्टीच्या दोन तृतीयांश भरते.