कोल्ह्याच्या तोंडाची पिशवी आणि एकटी न चालणारी पानं

बोलिव्हियातल्या एका गुहेत हजारेक वर्षांपूर्वीचं चामड्याचं गाठोडं सापडलं. आत पूड नाकात ओढायच्या कोरीव लाकडी तबकड्या, एक नळी, लामाच्या हाडाच्या पट्ट्या आणि कोल्ह्यांची तीन तोंडं शिवून केलेली पिशवी. तिचं आतलं खरवडून तपासलं तर मेंदूवर परिणाम करणारी रसायनं निघाली: कोकेन, ब्युफोटेनिन, हार्मिन आणि बहुतेक डीएमटीसुद्धा! 2019 ला हे छापून आलं आणि ‘शामानची (म्हणजे जमातीतल्या भगत-मांत्रिकाची) ड्रग किट’ म्हणून मथळे झळकले.

मला त्यातलं हार्मिन आणि डीएमटी हेच दोघं भारी वाटतात. ॲमेझॉनमधलं आयावास्का म्हणजे याच जोडीचा काढा, हार्मिन वेलीतून येतं आणि डीएमटी दुसऱ्याच झाडाच्या पानातून. डीएमटीची ठेवण सेरोटोनिन या मेंदूत निरोप पोचवणाऱ्या रसायनासारखी, त्यामुळे ते सेरोटोनिनच्याच मेंदूतल्या एका जागेवर (5-एचटी2ए रिसेप्टरवर) जाऊन बसतं आणि माणसाला भलतंसलतं दिसायला लागतं, पण नुसती पानं उकळून प्यायली तर जवळपास काहीच होत नाही. कारण आतड्यात आणि लिव्हरमध्ये मोनोअमाइन ऑक्सिडेज-ए नावाचं एन्झाइम वॉचमनसारखं बसलेलं असतं, ते डीएमटीचा अमाइन गट तोडतं, उरतं ते इंडोल ॲसिटिक ॲसिड आणि ते लघवीवाटे बाहेर. हार्मिन नेमकं या एन्झाइमच्या ॲक्टिव्ह साइटमध्ये, म्हणजे जिथे तोडफोड चालते त्या खाचेत, शिरून जागा अडवतं, कायमचं नाही, काही तासच, तेवढ्यात डीएमटी रक्तातून मेंदूत पोचलेलं असतं. नाकातून ओढलं तर आतडं-लिव्हरची ही पहिली चाळण टळते, म्हणून पिशवीसोबत नळी असणं अगदी बरोबर आहे.

आता ‘हजारो झाडांतून हीच जोडी कशी सापडली, नक्कीच दैवी ज्ञान’ असं फिरणारं फॉरवर्ड. अहो, काही जमाती नुसत्या वेलीचाही काढा पितात, त्याने उलट्या-जुलाब होऊन पोट साफ होतं. रोजच्या भांड्यात पिढ्यान्‌पिढ्या वेगवेगळी पानं टाकून बघितली तर एक दिवस जमणारच, त्याला आकाशवाणी कशाला?

आपल्याकडचा सोम अजून ओळखूच आलेला नाही. ऋग्वेदाचं अख्खं नववं मंडल त्याच्यावर आहे, 1968 मध्ये वॉसन या बुरशीच्या अभ्यासकाने लाल टोपीची अमानिता बुरशी सुचवली, बाकीचे इफेड्रा नावाचं झुडूप म्हणतात, पण सोमाची पिशवी कुणाला मिळालेली नाही.

आणि हो, हल्ली ‘आत्मशुद्धी’च्या नावाखाली आयावास्काचा काढा पाजणारी शिबिरं निघालीत. डिप्रेशनच्या बऱ्याच गोळ्या सेरोटोनिन वाढवतात, वरून हार्मिनने ते तोडणारं एन्झाइम बंद पाडलं तर शरीरात सेरोटोनिनचा अतिरेक होऊन (सेरोटोनिन सिंड्रोम) जीव जाऊ शकतो.