डीडीएस फाइलचं थंबनेल इतकं का रखडलं?

ट्रक सिम्युलेटरमध्ये लालपरी उतरवायचा नाद नागपूरच्या पोट्ट्यांनाही आहे. गणेशपेठ स्थानकाची पाटीसुद्धा हौसेनं रंगवतात. पण मॉडचं, म्हणजे गेममध्ये आपण घालायच्या बदलांचं, फोल्डर उघडलं की अनेकदा थंबनेल, म्हणजे चित्राची छोटी झलक, दिसतच नाही. समोर नुसते एकसारखे कोरे आयकॉन! बॉडी कोणती, टायर कोणता, हे फाइलच्या नावावरून ताडायचं. या फाइली डीडीएस प्रकारच्या. त्यांत टेक्स्चर, म्हणजे गेममधल्या वस्तूंवर चढवायची चित्रं, असतात. आणि हे दुखणं जुनं आहे.

१९९८ मध्ये एसथ्री कंपनीनं सॅव्हेज थ्रीडी या ग्राफिक्स कार्डासोबत टेक्स्चर दाबून ठेवायची एक पद्धत आणली. चित्राचे ४ × ४ पिक्सेलचे चौकोन पाडायचे. प्रत्येक चौकोनात फक्त दोन रंग लिहायचे, मधल्या छटा कार्ड स्वतः काढतं, आणि प्रत्येक पिक्सेलला यातली कोणती छटा, हे २ बिटांत सांगायचं. ४८ बाइटचा मजकूर ८ बाइटमध्ये बसतो. जेपीईजी आधी पूर्ण उलगडावी लागते. हा चौकोन मात्र कार्ड मेमरीतून आहे तसाच वाचतं. मायक्रोसॉफ्टनं ही पद्धत डायरेक्टएक्स ६ मध्ये, म्हणजे विंडोजवरच्या गेमना कार्डाशी जोडणाऱ्या आपल्या सॉफ्टवेअरमध्ये, घेतली आणि १९९९ च्या डायरेक्टएक्स ७ सोबत तिच्यासाठी डीडीएस फाइल आली. म्हणजे ही फाइल घडली ती कार्डासाठी. माणूस ती फोल्डरमध्ये न्याहाळेल, हा विचार त्यात नव्हताच.

विंडोजमध्ये फोल्डर दाखवणाऱ्या एक्सप्लोररमधली थंबनेल विंडोज एक्सपीच्या काळात सर्रास झाली, पण ओळखीच्या फॉरमॅटपुरतीच. बाकीच्यांसाठी वेगळं एक्स्टेन्शन, म्हणजे एक्सप्लोररला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर, टाकावं लागे. एनव्हिडियानं डीडीएससाठी तसं एक दिलं होतं. ही एक्स्टेन्शनं एक्सप्लोररच्या पोटातच चालत, त्यामुळे एखादी बिघडलेली फाइल टास्कबारसकट सगळं खाली बसवू शकत असे. पुढच्या विंडोज व्हिस्टानं थंबनेल काढायचं काम एक्सप्लोररबाहेर, वेगळ्या प्रोसेसमध्ये नेलं, हे बरं केलं. पुढे लोक ६४ बिट विंडोजवर गेले, तेव्हा ३२ बिटची जुनी एक्स्टेन्शनं तिथल्या एक्सप्लोररमध्ये लोडच होईनात.

विंडोज ८.१ मध्ये, २०१३ साली, डीडीएस वाचणारा डिकोडर विंडोजमध्येच आला. तोही अर्धवट: बीसी१ ते बीसी३, म्हणजे या दाबण्याच्या पद्धतीचे जुने प्रकार, एवढंच वाचणारा. बीसी७ हा नवा प्रकार तर डायरेक्टएक्स ११ सोबत २००९ पासूनच होता! लिनक्सकडे अडचण या पद्धतीवरच्या पेटंटची होती. त्यातलं मुख्य पेटंट ऑक्टोबर २०१७ मध्ये संपलं.

खरी गंमत पुढेच आहे. लान्स विल्यम्स यांनी १९८३ मध्ये मांडलेले मिपमॅप, म्हणजे त्याच चित्राच्या निम्म्या-निम्म्या होत गेलेल्या प्रती, डीडीएसमध्ये सहसा असतातच. २०४८ × २०४८ चं डीएक्सटी१ (बीसी१ चंच जुनं नाव) टेक्स्चर २ एमबीचं, पण त्याच फाइलमधली २५६ × २५६ ची प्रत अवघी ३२ केबी. सुरुवातीचा १२८ बाइटचा हेडर, म्हणजे फाइलची माहिती देणारा भाग, वाचला की ती कुठे आहे, हे साध्या गणितानं निघतं. थंबनेल फाइलमध्ये तयारच होतं. त्यामुळे तांत्रिक अडचणीपेक्षा हे काम कुणाच्याच यादीत वर नव्हतं, असं माझं मत.

आता थंबनेल दिसत असेल, तरी एक लक्षात ठेवा. अल्फा चॅनेलमध्ये, म्हणजे लाल-हिरवा-निळा यांच्या जोडीच्या चौथ्या आकड्यात, अनेक गेम पारदर्शकता नव्हे, तर चकाकी साठवतात. बसची बॉडी थंबनेलमध्ये विरळ, भुतासारखी दिसली म्हणून फाइल बिघडली असं समजून पुन्हा एक्स्पोर्ट करू नका. आधी अल्फा बंद करून बघा.