भिंतीतला स्पीकर आणि नऊ इंची वीट

जळगाव-धुळ्याकडे नवं घर बांधताना हॉलच्या भिंतीतच स्पीकर बसवायची हौस अनेकांना असते. जमिनीवर खोकी नाहीत, लेकरांचे हात लागत नाहीत, जाळीला भिंतीचाच रंग. पण असे बरेचसे स्पीकर अमेरिकी घरांच्या मापाने घडवलेले असतात. तिकडच्या भिंती म्हणजे लाकडी चौकट आणि दोन्ही बाजूंनी जिप्समचे पत्रे. दोन उभ्या लाकडांमध्ये साधारण साडेचौदा इंच रुंद, साडेतीन इंच खोल, आठ फूट उंच पोकळी असते. म्हणजे सुमारे 80 लिटर हवा.

आपल्याकडे गवंडी नऊ इंची भिंतीत कोनाडा फोडतो. 10 बाय 14 इंचाचा, चार इंच खोल धरला, तर जेमतेम 9 लिटर. (साडेचार इंची भिंतीत हा उद्योग करूच नये. पलीकडच्या खोलीत थेट खिडकी व्हायची. कॉलम-बीमला तर हातही लावू नये.)

स्पीकरचा पडदा मागे गेला की कोनाड्यातली हवा दाबली जाते आणि त्याला परत ढकलते. हवा जितकी थोडी, तितका हा रेटा ताठ. मग पडद्याची नैसर्गिक कंपनसंख्या वर सरकते आणि तिच्याखालचा आवाज झपाट्याने उतरतो. ढोलाचा ठोका ऐकू येतो, घुमारा गायब. त्यामुळे खालचे सूर, साधारण 80 हर्ट्झच्या खालचे, वेगळ्या सबवूफरकडे सोपवावेत. इतका खोल आवाज कुठून येतोय हे कानाला नीट कळत नाही. सबवूफर कोपऱ्यात ठेवला तरी चालतो.

विटेला मात्र नावं ठेवू नका. जिप्समचा पत्रा स्पीकरबरोबर स्वतःही थरथरतो. वीट ढिम्म हलत नाही. शिवाय सुटा स्पीकर भिंतीपासून 86 सेंटिमीटर पुढे ठेवला, तर मागे जाऊन परतणारा 100 हर्ट्झचा आवाज अर्धी लाट मागे पडून मूळ आवाजालाच खातो. भिंतीतल्या स्पीकरच्या मागे भिंतच उरत नाही, मग हे भांडणही नाही.

खरी तडजोड वेगळीच आहे: हा स्पीकर नंतर हलवता येत नाही. म्हणून छिन्नी चालवण्याआधी साधे स्पीकर त्याच जागी भिंतीला टेकवून आठवडाभर ऐकावं. वरचे सूर देणारा ट्वीटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला हवा. दोन स्पीकरमधलं अंतर आणि प्रत्येकापासून सोफ्यापर्यंतचं अंतर जवळपास सारखं ठेवावं. टीव्हीच्या वर, छताजवळ स्पीकर टाकणाऱ्यांपुढे मी हात जोडले आहेत.

त्यात आपले हॉल. प्लास्टर, टाइल्स, काँक्रीटचा स्लॅब. खोलीतला घुमारा मोजणाऱ्या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सबाइनच्या सूत्राने 12 बाय 15 फुटांच्या, 10 फूट उंच रिकाम्या खोलीत आवाज विरायला तीनेक सेकंद लागतात. संगीत ऐकायला अर्धा सेकंद पुरे. जाड पडदे, गाद्या-तक्के, खाली गोधडी, यांनी वरच्या सुरांचा गोंगाट शमतो, खालच्यांचा फारसा नाही. मे महिन्यात मात्र कुलर सुरू असतो, तेव्हा त्याच्या घरघरीपुढे गाण्यातल्या बारीक हरकती बुडणारच. भुसावळच्या उन्हाळ्यात कुलर बंद ठेवा असं सांगायची माझी हिंमत नाही.

वायरची झिरी विजेच्या पाइपापासून फूटभर लांब काढा. दहा मीटरपर्यंत 1.5 चौरस मिलिमीटर तांब्याची वायर आठ ओहमच्या स्पीकरला पुरते, चार ओहमचा असेल तर 2.5 घ्या. आणि प्लास्टरआधी उघड्या झिरीचा टेप धरून फोटो काढून ठेवा, म्हणजे पुढे खिळा ठोकताना वायर कुठे आहे ते कळेल.