स्लेयर एक्सायटर की सॉलिड स्टेट टेस्ला कॉइल? सेकंडरीचं खालचं टोक बघा

पाइपवर गुंडाळलेली बारीक तार (सेकंडरी), बुडाशी जाड तारेचे चार वेढे (प्रायमरी) आणि वर ठिणगी, एवढं दिसलं की आपल्याकडे सरसकट टेस्ला कॉइल म्हणतात. सोलापुरातल्या विज्ञान प्रदर्शनांसाठी तयारी करणाऱ्या मुलांचा घोटाळा इथेच होतो, कारण या नावाखाली दोन वेगळी सर्किटं असतात. एक म्हणजे एका ट्रान्झिस्टरवरचं स्लेयर एक्सायटर, आणि दुसरी हाफ-ब्रिजवर, म्हणजे आळीपाळीने चालू-बंद होणाऱ्या दोन मॉसफेट स्विचवर, चालणारी सॉलिड स्टेट टेस्ला कॉइल, म्हणजे एसएसटीसी. पहिलं जमलं की १२ च्या जागी ४० व्होल्ट देऊन त्याचीच दुसरी करू, असं वाटतं. तसं होत नाही. ट्रान्झिस्टर तेवढा जळतो.

समोर कोणतं सर्किट आहे हे ओळखायचं तर सेकंडरीचं खालचं टोक कुठे जातं ते बघा. स्लेयरमध्ये ते थेट ट्रान्झिस्टरच्या बेसला (त्याला चालू-बंद करणाऱ्या पायाला) जातं, एसएसटीसीमध्ये अर्थला. बाकीचे बहुतेक फरक यातूनच निघतात.

स्लेयरमध्ये सेकंडरी स्वतःच ट्रान्झिस्टर चालू-बंद करते. प्रायमरीतला करंट वाढला की खालच्या टोकातून बेसचा करंट खेचला जातो आणि ट्रान्झिस्टर बंद होतो. मग पुरवठ्याकडून बेसला जोडलेला २२ किलोओहमचा रेझिस्टर त्याला पुन्हा जागा करतो. म्हणूनच इथे खालचं टोक अर्थला जोडलं की फीडबॅक तुटतो आणि सर्किट गप्प बसतं. जोडणी बरोबर असूनही चालत नसेल, तर प्रायमरीची दोन टोकं उलटी करून पाहा. बहुतेक वेळा दोष तिथेच असतो.

वायरिंगच्या २५ मिमी पाइपवर ३६ गेजची तार १० सेंमी लांबीत गुंडाळली, तर साधारण ४५० वेढे बसतात आणि कॉइल ३ मेगाहर्ट्झच्या आसपास चालते. हा आकडा ट्रान्झिस्टर निवडताना लक्षात ठेवा. जुन्या अँप्लिफायरमधला धिप्पाड २एन३०५५ मजबूत वाटतो, पण साधारण २.५ मेगाहर्ट्झला त्याचं गेन (करंट वाढवण्याची क्षमता) संपतं. त्यापेक्षा छोटा बीडी१३९ हीटसिंकवर बसवलेला कितीतरी बरा. बेस आणि ग्राउंडमध्ये लावलेला एलईडी शोभेसाठी नाही. बेस उणे व्होल्टेजकडे गेला की तो करंट वाहून नेतो. तो नसेल तर पाच-सहा उणे व्होल्टला बेसचं जंक्शन ब्रेकडाउनमध्ये जातं. त्याच्या जागी १एन४१४८ डायोड चालेल, पण १एन४००७ लावू नका. तो सावरायला मायक्रोसेकंद घेतो, आणि इथलं पूर्ण आवर्तनच पाव-एक तृतीयांश मायक्रोसेकंदाचं आहे.

एवढं सगळं नीट केलं तरी ठिणगी काही मिलिमीटरचीच राहते. ट्रान्झिस्टर बराच वेळ धड चालूही नसतो आणि धड बंदही नसतो, त्यामुळे वाढवलेली शक्ती उष्णतेत जाते. शेजारी धरलेला सीएफएल उजळवायला मात्र हे सर्किट उत्तम आहे.

एसएसटीसीत स्विच एका फटक्यात पूर्ण चालू होतो आणि एका फटक्यात पूर्ण बंद होतो. सेकंडरीकडून फक्त वेळेची खूण घेतात: जवळ उभी केलेली १०-१५ सेंमीची अँटेना किंवा खालच्या टोकावरचा करंट ट्रान्सफॉर्मर ती ७४एचसी१४ या लॉजिक आयसीला देतो. ही आयसी मॉसफेट थेट चालवू शकत नाही. आयआरएफपी४६० मॉसफेटच्या गेटवर (त्याला चालू-बंद करणाऱ्या टोकावर) २१० नॅनोकूलंबपर्यंत चार्ज लागतो. तो १०० नॅनोसेकंदांत भरायचा तर दोन अँपिअर हवेत, आणि ७४एचसी१४ देते मोजके मिलिअँपिअर. म्हणून मध्ये यूसीसी२७४२५ सारखा ड्रायव्हर आणि गेट ट्रान्सफॉर्मर लागतो.

या गेट ट्रान्सफॉर्मरपाशीच सर्वात जास्त मॉसफेट मरतात. भंगारातल्या कॉम्प्युटरच्या एसएमपीएसमधून (पॉवर सप्लायच्या डब्यातून) पिवळी-पांढरी रिंग काढू नका. ती लोहचूर्णाची असते आणि गेटची लहर वाकडी करते. इनपुट फिल्टरच्या चोकची फेराइट रिंग घ्या. लॅन केबलच्या तीन तारा एकत्र पिळून १० ते १२ वेढे मारा. दोन गेटच्या तारा एकमेकींच्या उलट फेजमध्येच हव्यात. त्या एकाच फेजमध्ये जोडल्या, तर वरचा-खालचा मॉसफेट एकदम चालू होतो आणि पुरवठा शॉर्ट.

सेकंडरीसाठी ७५ मिमी पीव्हीसी पाइपवर ३४ गेजची तार २५ सेंमी लांबीत गुंडाळा. सुमारे ९५० वेढे होतात, सव्वादोनशे मीटर तार लागते. वजनात ती शंभर ग्रॅमच्या आतबाहेर भरते. यंत्रमागांच्या या शहरात मोटर भरणाऱ्या दुकानांत ती वजनावर मिळते. मध्ये सांधा नसलेला एकसलग तुकडा मागा. वर १२ सेंमीचा धातूचा गोळा बसवला की वारंवारता ३५० ते ४०० किलोहर्ट्झवर येते.

आयआरएफपी४६० नकली निघण्याचं प्रमाण बरंच आहे. गेटला १० व्होल्ट देऊन ड्रेनमधून एक अँपिअर सोडा आणि ड्रेन-सोर्समधलं व्होल्टेज मोजा. ०.२७ व्होल्टपर्यंत असावं. अर्ध्या व्होल्टच्या वर असेल तर तो परत करा.

पहिली चाचणी २४ व्होल्ट डीसीवर. इथेही कॉइल सुरू झाली नाही तर प्रायमरीची टोकं उलटी करा. मग घरच्या विजेवर जाताना १०० वॉटचा साधा बल्ब सिरीजमध्ये लावा. सुरुवातीला तो क्षणभर चमकून मंद व्हायला हवा. भक्क पेटून राहिला तर हाफ-ब्रिज शॉर्ट आहे, पण मॉसफेट वाचले. २३० व्होल्ट रेक्टिफाय केल्यावर ३२५ व्होल्ट डीसी होतात, त्यामुळे ४७० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरवर ४७ किलोओहम, ५ वॉटचा रेझिस्टर कायमचा हवाच. वीज बंद केल्यावर दोन मिनिटं थांबा, मीटरने मोजा, मगच हात घाला. ५५५ टायमर आयसीच्या इंटरप्टरने (कॉइल थांबून-थांबून चालवणाऱ्या सर्किटने) १०० हर्ट्झवर एकेक मिलिसेकंद चालू ठेवली, तर १० ते २० सेंमी ठिणगी मिळते आणि मे महिन्यातल्या चाळिशीपार तापमानातही हीटसिंक आवाक्यात राहतो.

अर्थसाठी घराच्या वायरिंगचं अर्थिंग वापरू नका. त्यातून ही उच्च वारंवारता घरभर फिरते. वेगळी तांब्याची सळई ठोका. उन्हाळ्यात काळी माती कोरडी पडून भेगाळते, तेव्हा भोवती भरपूर पाणी घाला. गच्चीवर असाल तर कॉइलखाली ६० सेंमी चौरस पत्रा ठेवून खालचं टोक त्याला जोडा.

स्लेयरच्या ठिणगीने बोटाला बारीक चटका बसतो. तो अनुभव घेऊन एसएसटीसीच्या ठिणगीला हात लावू नका: तिचा भाजल्याचा घाव खोल जातो, आणि प्रायमरी-सेकंडरीमध्ये ठिणगी उडाली तर तिच्या वाटेने थेट घरची वीज येऊ शकते.