ऊन नागपूरचं, उकाडा ठाण्याचा

मे महिन्यात नागपूरच्या मामांशी बोलताना ठरलेला वाद होतो. मी म्हणते, "मामा, जीव नकोसा झालाय. चौतीस आहे इथे." पलीकडून हसू. "चौतीस? त्यात काय बाप्पा! आमच्याकडे चव्वेचाळीस होऊन राहिलं."

खोटं दोघांपैकी कुणीच बोलत नाही. मामा उन्हाबद्दल बोलतात आणि मी उकाड्याबद्दल. मराठीत दोन्हीला वेगळे शब्द आहेत, पण फोनवरचं हवामान मोठ्या अक्षरात एकच आकडा दाखवतं आणि आपण त्यावर भांडतो.

शरीर थंड होतं ते घाम आल्याने नाही, घाम वाळल्याने. एक लिटर घाम अंगावर पूर्ण वाळला तर तो साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. तोच घाम हनुवटीवरून टपकला तर नुसतं पाणी वाया गेलं, गारवा शून्य. नागपूरच्या कोरड्या दुपारी घाम दिसायच्या आत उडतो. ठाण्यात खाडीवरून येणारी हवा आधीच पाण्याने भरलेली, त्यामुळे तो अंगावरच चिकटून राहतो.

हे मोजायची जुनी, साधी युक्ती आहे: थर्मामीटरच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळायचं आणि वारा द्यायचा. पारा जिथे थांबेल ते 'वेट बल्ब' तापमान. घाम वाळवून अंग जास्तीत जास्त किती थंड होऊ शकेल, याचा तो अंदाज. नागपुरात ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर हा आकडा येतो साधारण २३. ठाण्यात ३४ अंश आणि ७० टक्के असेल तर साधारण २९. म्हणजे या हिशेबात मामा हरतात! हाच आकडा ३५ झाला तर सावलीत, पंख्याखाली बसलेला धडधाकट माणूसही काही तासांत दगावू शकतो, असं गणित आहे. प्रत्यक्ष प्रयोगांत तर तरुण, निरोगी माणसांची मर्यादा ३१च्या आसपासच भरली.

पण म्हणून नागपूरचं ऊन सौम्य ठरत नाही. तिथला धोका वेगळ्या जातीचा आहे. घाम दिसत नाही म्हणून तो येतोय हेच कळत नाही, आणि तहान लागेपर्यंत शरीर बरंच सुकलेलं असतं. हवा अंगापेक्षा गरम, त्यामुळे कोरडा वारा म्हणजे भट्टीची फुंकर. म्हणून तिकडे बायका-पुरुष सगळेच डोकं-कान दुपट्ट्याने घट्ट बांधून निघतात, दुपारी खिडक्या बंद करून पडदे ओढतात. ठाण्यात हे केलंत तर गुदमराल. इथे सैल सुती कपडे आणि आरपार वारा हवा.

हा फरक मला कूलरने शिकवला. लग्नानंतर ठाण्यात आले तेव्हा मामांच्या सल्ल्याने कूलर घेतला, वाळ्याच्या ताट्या लावून. कूलर म्हणजे यंत्रातला घामच: पाणी वाळवायचं आणि हवा गार करायची. नागपुरात तो खोली पंधरा अंशांनीही उतरवतो. ठाण्यात त्याने दोन-तीन अंश उतरवले आणि खोलीत ओल भरली. उशांना वास, कपाटातल्या साड्यांवर बुरशी. माठाचंही तेच. मामांकडचं माठाचं पाणी दाताला कळ आणतं, आमचं जेमतेम कोमट नसतं एवढंच.

इथे एसी चालतो, कारण तो हवेतलं पाणीही काढून घेतो. बाहेर ठिबकणारी नळी पाहा. म्हणून १८वर ठेवून पांघरूण घेण्यात अर्थ नाही. २६ आणि पंखा यात छान झोप लागते. एसीचा आकडा एका अंशाने वाढवला तर सुमारे ६ टक्के वीज वाचते, असं सरकारची वीजबचत संस्था सांगते. शिवाय तो आतली उष्णता शेजाऱ्याच्या खिडकीबाहेर फेकतो, हे आपण सोयीने विसरतो.

आता सरकारी व्याख्या बघा. हवामान खात्याच्या लेखी सपाट प्रदेशात किमान ४० आणि किनाऱ्यावर किमान ३७ अंश झाल्याशिवाय उष्णतेची लाट धरतच नाहीत. ३४ अंशांच्या उकाड्यात खड्डे खणणारा मजूर या व्याख्येबाहेरच राहतो. ऊन आणि उकाडा एकत्र आले की काय होतं ते १६ एप्रिल २०२३ला खारघरला दिसलं. उघड्या मैदानावरच्या पुरस्कार सोहळ्यात लोक तासन् तास बसले होते. उष्माघाताने १४ जण गेले. आणि घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही, हा गैरसमज आहे. दमट हवेत घामाने निथळणारा माणूसही असंबद्ध बोलू लागला, तर ती धोक्याची वेळ. वाट बघू नका. दवाखान्यात नेईपर्यंत अंगावर गार पाणी ओता, काखेत आणि जांघेत बर्फ ठेवा. नुसत्या ओल्या फडक्याने इथे भागत नाही, ते वाळतच नाही.

हवामानबदलाने दोन्ही गोष्टी वाढतायत, पण उकाडा गुपचूप. हवा एक अंशाने तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के जास्त बाष्प मावतं, आणि अरबी समुद्र तापतोच आहे. रात्र झाली तरी पारा नीट उतरत नाही, म्हणजे दिवसभर शिणलेल्या शरीराला सुट्टीच नाही.

आणि ऊन-उकाड्यातली ही हद्द काही नकाशावर आखलेली नाही. गेल्या जूनमध्ये, पाऊस नुसताच हुलकावणी देत होता तेव्हा, मामांचा फोन आला. आवाज पडलेला. "अडतीसच आहे पोरी, पण कूलर लावला की नुसती चिपचिप होऊन राहिली. झोप नाही दोन दिवस."

मी हसले नाही. जरा थांबून त्यांनीच विचारलं, "तुझ्या त्या एसीत हवा कोरडी करायचं बटन असते म्हणे?"