'टेक ऑन मी': 1984 चं रेकॉर्डिंग का टाकलं गेलं

'टेक ऑन मी' हे आ-हा या नॉर्वेच्या त्रिकुटाचं गाणं. त्याचा व्हिडिओ सगळ्यांचा पाहिलेला आहे, त्यामुळे गोष्ट सांगत बसत नाही. धून त्याच्याही आधीची: सत्तरच्या दशकाअखेर ऑस्लोतल्या एका हौशी बँडकडे ती होती. पुढे नवा गायक आला, त्रिकूट लंडनला गेलं, नाव आणि शब्द बदलत राहिले.

वाद आहे तो 1984 च्या रेकॉर्डिंगवरून. काही चाहते त्यालाच 'मूळ' मानतात आणि नंतरचं रेकॉर्डिंग बाजारासाठी गुळगुळीत केलेलं समजतात. हे पटण्यासारखं नाही. पहिल्या निर्मात्याचा हात फेअरलाइटवर बसलेला होता. 8 बिटांचा हा सॅम्पलर (मुद्रित आवाज हव्या त्या सुरात वाजवणारं यंत्र) ठोक्यांना आणि छोट्या चमकदार स्वरांना उत्तम, पण या गाण्याची गरज वेगळी होती. ध्रुवपदात आवाज खालच्या ए स्वरावरून निघून फॉल्सेटोतल्या (वरच्या, पातळ आवाजातल्या) ईपर्यंत, म्हणजे अडीच सप्तकं चढतो. साथ आधीच वरच्या पट्टीत गजबजलेली असेल, तर शेवटच्या स्वराला मोकळी जागा उरत नाही, आणि चढण जाणवतच नाही. 1984 च्या प्रतीत नेमकं हेच होतं. ब्रिटनमध्ये ती 137 व्या क्रमांकावर अडकली. सोबतचा पहिला व्हिडिओही निळ्या पडद्यापुढे बँड गातोय, इतपतच होता.

दुसऱ्या निर्मात्याने गाणं पुन्हा डेमोजवळ, म्हणजे बँडच्या सुरुवातीच्या कच्च्या रेकॉर्डिंगजवळ आणलं. लिनड्रम या ड्रम मशीनचे ठोके, जुनो-60 या सिंथेसायझरवरची ती प्रसिद्ध ओळ, खाली अकूस्टिक गिटार. जुनो एका वेळी सहाच स्वर वाजवतो. त्याचे ऑसिलेटर (सूर निर्माण करणारे भाग) डिजिटल घड्याळावर चालतात म्हणून सूर ढळत नाही, आणि आवाज दुणावणाऱ्या आतल्या कोरस सर्किटमुळे साधी ओळही रुंद ऐकू येते. मिनिटाला सुमारे 169 ठोक्यांच्या लयीत अशी स्वच्छ ओळ हवीच.

तरीही 1985 च्या सुरुवातीला हे नवं रेकॉर्डिंगही ब्रिटनमध्ये पडलं. म्हणजे व्हिडिओचं श्रेय नाकारता येत नाही. तो रोटोस्कोपिंगचा: आधी कलाकारांचं चित्रीकरण, मग एकेक चौकट कागदावर टाकून पेन्सिलीने गिरवायची. सुमारे 3000 चौकटी, 16 आठवडे. प्रत्येक चित्र नव्याने काढल्यामुळे रेषा थरथरते. ती थरथर ठेवली, हा मोठा शहाणपणा. अवघड भाग खऱ्या आणि रेखाटलेल्या जगामधल्या काचेपाशी आहे, जिथे माणूस अर्धा खरा, अर्धा रेखाटलेला दिसतो. तिथे कॅमेरा केसभर हलला किंवा मास्कची (चित्राचा एक भाग झाकणाऱ्या आकाराची) कड चुकली, तर चेहऱ्याचे दोन भाग जुळत नाहीत.

ऑक्टोबर 1985 मध्ये गाणं अमेरिकेत पहिलं आलं, ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. 1986 च्या एमटीव्ही व्हिडिओ पुरस्कारांत सहा पुरस्कार मिळाले. त्रिकुटाच्या पुढच्या मोठ्या गाण्याचा व्हिडिओ याच गोष्टीच्या शेवटापासून सुरू होतो, आणि ते गाणं जानेवारी 1986 मध्ये ब्रिटनमध्ये पहिलं आलं.

2017 मध्ये बँडने हेच गाणं संथ, अकूस्टिक रूपात वाजवलं. सिंथ आणि ड्रम मशीन दोन्ही काढूनही ध्रुवपदाची चढण तशीच उभी राहते. 2019 मध्ये व्हिडिओची 4के प्रत आली, आणि 2020 च्या फेब्रुवारीत यूट्यूबवर तो 100 कोटी वेळा पाहिला गेला.